कडक भाकरी वर जाईना : अवकाशातल्या जेवणाच्या प्रकल्प नोंदी

१६ जुलै २०२५, खानापूर (जि. बेळगाव)

तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी हायस्कूलच्या सरांनी नववीची पाच पोरं माझ्याकडे धाडली आहेत. विषय पोरांचाच: ‘आमचं जेवण अवकाशात’. माझ्याकडे धाडायचं कारण सरळ आहे. ड्रायर, पॅकिंग मशीन आणि एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा एकाच छपराखाली हवा होता, तो आमच्या शेडमध्ये आहे. कडक भाकरी, चटण्या आणि करदंट (डिंक-सुक्यामेव्याची गुळातली वडी) हा आमचा धंदा. नोंदी मी लिहायच्या, तक्ते पोरांनी कन्नड-मराठी दोन्हीत करायचे, असं ठरलं.

निमित्त अंतराळवीर शुभांशु शुक्लांचं. २५ जूनला अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेतून ते वर गेले आणि काल कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात उतरले. सोबत गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. त्यावरून पहिल्याच बैठकीत एका पोरीने विचारलं, “काकू, हलवाच का वो? भाकरी का नाही नेली?”

काम या प्रश्नापासून सुरू करू.

१९ जुलै

आधी वरच्या स्वयंपाकघराची माहिती गोळा केली. त्याला स्वयंपाकघर म्हणायचं जिवावर येतं. अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. तिथे शेगडी नाही, तवा नाही. पिशवीत पाणी भरायचं एक यंत्र आहे. त्यातलं गरम पाणी सत्तर-पंचाहत्तर अंशांचं असतं, उकळतं नाही. ब्रीफकेससारखी एक पेटी आहे, तिच्या तापलेल्या पत्र्याला टेकवून पाकिटं गरम करायची. बाकी सगळं जेवण खालूनच शिजवून, वाळवून किंवा निर्जंतुक करून गेलेलं. तेही नेहमीच्या तापमानाला महिनोन्महिने टिकणारं हवं.

विस्तव का नाही, यावर पोरांशी बराच वेळ गेला. आपल्याकडे ज्योत वर निमुळती होते, कारण तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि खालून गार हवा येते. वर ‘वर’ आणि ‘खाली’च नाहीत, त्यामुळे हवा अशी फिरत नाही आणि ज्योत गोल गोळ्यासारखी होते. बंद डब्यात आग म्हणजे सगळ्यात मोठी भीती, हे वेगळंच. मग एकाने हात वर केला: “म्हणजे फोडणी नाही?” नाही. तेल कढईच्या तळाला बसणार नाही, आणि तडतडलेली मोहरी जी सुटेल ती भिंतीला आपटेपर्यंत थांबणार नाही.

तरी तळणाचा विचार कोणी सोडलेला नाही. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीच्या संशोधकांनी विमानातून घडवलेल्या क्षणभराच्या भारहीनतेत बटाटा तळून पाहिला, २०२३ मध्ये त्याचे निकाल आले. शंका अशी होती की वाफेचे बुडबुडे बटाट्यालाच चिकटून राहतील आणि तेल त्याला लागू देणार नाहीत. पण बुडबुडे सुटले. हे ऐकून पोरांनी मिरची भजीचं नाव यादीत घातलं. मी खोडलं नाही, पुढे ‘भविष्यात’ असं लिहून ठेवलं.

२३ जुलै

पाऊस. वाळवण बंद. ड्रायर लावला तरी शेडमधली हवाच ओली, त्यामुळे वेळ दुप्पट लागतोय.

२६ जुलै

आज चुऱ्याची चाचणी. काळा कागद पसरला, त्यावर पन्नास ग्रॅमची एक कडक भाकरी हाताने मोडून खाल्ली, अगदी घरी खातो तशी. मग कागदावरचा चुरा झटकून तोलला: चार ग्रॅम. काट्यावर न येणारी पांढरी भुकटी वेगळीच, ती टेबलफॅन लावल्यावर दिसली. कागदाच्या कडेवरून उठली आणि थेट खिडकीच्या जाळीला जाऊन बसली. पोरं हसली, पण नेमकं हेच वर होतं. चुरा खाली पडत नाही. हवा खेळती ठेवायला लावलेल्या पंख्यांच्या ओढीने तो तरंगत जाऊन जाळ्यांवर जमतो, नाहीतर कुणाच्या डोळ्यात किंवा यंत्राच्या फटीत जातो.

याचा जुना दाखला आहे. मार्च १९६५ मध्ये जेमिनी-३ यानात जॉन यंग यांनी खिशातून चोरून सँडविच नेलं आणि सहकारी गस ग्रिसम यांना दिलं. घास घेताच ब्रेडचा चुरा सुटायला लागला, तेव्हा ग्रिसमनी ते लगेच खिशात टाकलं. त्यावरून पुढे अमेरिकेत बरीच बोलाबोली झाली.

ब्रेडवर तोडगा मिळाला तो मेक्सिकोच्या माणसामुळे. रोडोल्फो नेरी वेला १९८५ मध्ये शटलमधून गेले, तेव्हा त्यांनी टॉर्टिया मागून घेतल्या. टॉर्टिया म्हणजे आपल्या चपातीची चुलत बहीण. मऊ, गुंडाळता येते, चुरा नाही. त्यानंतर ब्रेड मागे पडला आणि टॉर्टिया अंतराळवीरांची नेहमीचीच झाली.

मग चपाती चालते आणि भाकरी का नाही? गव्हात चिकाटी असते, कणीक मळली की ती ताणली जाते. जोंधळ्यात ती नाही. आपण आदणाचं पाणी घालून पीठ मळतो, त्यात पिठातला स्टार्च फुगून जेवढं धरतो तेवढीच भाकरीची पकड. पीठ जुनं झालं, विरी गेली, की थापताना कडा फाटतात हे प्रत्येक बाईला माहीत आहे. आणि कडक भाकरी करायची म्हणजे त्या थोड्या पकडीतलं पाणीही वाळवून काढायचं. तिचं मोठेपण ज्या कुरकुरीतपणात, तोच इथे आडवा आला.

निकाल: नापास. धंदा आमचा असला तरी.

२९ जुलै, नागपंचमी

घरात तंबिटाचे लाडू. पोरांनी खाता खाता चाचणी करून टाकली. भाजलेलं पीठ गुळात घट्ट वळलेलं असलं की कमी सांडतं, एका घासात मावेल एवढा लाडू वळला तर सांडतच नाही.

२ ऑगस्ट

त्या लाडवावरून पोरांच्या डोक्यात आलं: भाकरीच एका घासाची करायची! बंद्या रुपयाएवढी. तोंडात टाकायची आणि तोंड मिटून चावायची, चुरा आतच राहील. कल्पना अस्सल आहे, आणि साठच्या दशकात अंतराळवीरांना असेच एका घासाचे चौकोनी तुकडे देत होते. त्यांना वरून जिलेटिनचा पापुद्रा दिलेला असे, सांडू नये म्हणून.

आम्ही जिलेटिनऐवजी करदंटातला डिंक वापरला. पाण्यात विरघळवून पातळ केला, ब्रशने दोन्ही बाजूंना लावला, ड्रायरमध्ये सुकवला. चुरा खरोखरच थांबला. पण डिंकातलं पाणी भाकरीने पिऊन घेतलं आणि ती चामट झाली. शेजारच्या आक्का चव बघायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “ही भाकरी का चपलेचा तळ गे?” जेमिनीच्या तुकड्यांनाही अंतराळवीर कंटाळलेच होते.

बिनडिंकाच्या रुपयाभाकऱ्या पाकिटात भरल्या. व्हॅक्यूम मारला तर हवेच्या दाबाने आतल्या आत चिरडल्या. व्हॅक्यूम न मारता भरलेलं पाकीट सरांच्या मोटरसायकलच्या कॅरिअरला बांधून जांबोटी रस्त्याने पाठवलं. रॉकेटचा हादरा कसा असतो ते आमच्या हातात नाही, जांबोटी रस्ता आहे. परत आलं तेव्हा तळाशी बोटभर भुकटी. असं पाकीट वर उघडलं तर पहिल्या घासाआधीच ढग उठेल.

भाकरीचा विषय इथे मिटवावा असं माझं मत. पोरांचं नाही. ‘नापास’ पाटी लावून तिला मांडायचं, कारणांसकट, असं ती म्हणतात. चालेल. प्रदर्शनात सगळं पासच झालेलं कशाला दाखवायचं?

९ ऑगस्ट

आज पोहे आणि भात.

पिशवीच्या तोंडात नळी, नळीतून सिरिंजने मोजून गरम पाणी आत, मग तोंड चिमट्याने बंद. पाणी थर्मामीटर लावून पंचाहत्तर अंशांवर धरलं. जाड पोहे काही मिनिटांत मऊ झाले. मीठ, साखर, वाळवलेला कांदा, ड्रायरमधला कढीपत्ता आणि आधीच परतलेली मोहरी-मिरची कोरडीच आत घातली होती. ठीकठाक लागले. कुणी बेळगावच्या स्टँडवर दिले असते तर परत केले नसते.

कच्चा तांदूळ पंचाहत्तर अंशांना शिजणार नाही हे सांगायलाच नको, म्हणून भात करून ड्रायरमध्ये वाळवला आणि मग पाणी घातलं. बाहेरून लगदा, आत खडा. कारण असं: गरम हवेने वाळवताना दाणा आक्रसतो आणि वरचा थर आधी घट्ट होतो, मग पाण्याला आत शिरायला वाट उरत नाही. अवकाशातल्या जेवणासाठी फ्रीज-ड्रायिंग करतात. पदार्थ गोठवायचा आणि निर्वातात त्यातल्या बर्फाची थेट वाफ करायची. बर्फ जिथे होता तिथे भोक राहतं, दाण्याचा आकार मोडत नाही आणि नंतर पाणी त्या भोकांतून सरसर आत जातं. ते यंत्र आपल्या ऐपतीचं नाही. पण पोह्याला त्याची गरजच पडली नाही. साळीचा दाणा भिजवून, भाजून, चेपून आधीच अर्धा शिजवलेला, शिवाय पातळ. खानापूरचं भात यादीत गेलं ते पोहे होऊन.

१० ऑगस्ट

चमच्याची चाचणी. पदार्थ चमच्यात घ्यायचा, चमचा पालथा करायचा. पिठलं: धरून राहिलं. कुंदा: हलवला तरी पडला नाही. आमटी: सरळ फरशीवर.

पोरांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली, तक्त्यावरही लिहायला लावली. ही चाचणी वरच्यापेक्षा कडक आहे. इथे वजन ओढतंय तरी जे चमच्याला चिकटून राहतं, ते तिथे राहणारच. पण इथे पडलं ते तिथे पडेल असं मात्र नाही. वर द्रव आपल्या पृष्ठताणाने गोळा होऊन चमच्याला धरतो, झटका दिला तरच सुटतो. म्हणून तिथे उघड्या पाकिटातून चमच्याने रस्सा-भाजी खाता येते, फक्त हात सावकाश चालवायचा. पातळ आमटी असली तर चिमटा लावलेल्या नळीच्या पिशवीतून प्यायची. भुरके मारता येतील का, या प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

१७ ऑगस्ट

‘हलवाच का’ याचं उत्तर आता जुळलं. घट्ट, तुपाने ओथंबलेला, चमच्याला चिकटणारा, चुरा शून्य. शिवाय बंद पाकिटात घालून दाबाखाली १२१ अंशांना तापवला तरी त्याचं काही बिघडत नाही. पोळीचा, भजीचा या उष्णतेत सत्यानाश होतो, हलव्याचा होत नाही. १९८४ मध्ये राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून सॅल्यूत-७ वर गेले, तेव्हाही त्यांच्याबरोबर रव्याचा हलवा, आलू छोले आणि व्हेज पुलाव होता. ते सगळं आपल्याच राज्यात, म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेत तयार झालं. ही प्रयोगशाळा १९६१ ची, मूळ काम सैन्याचं जेवण. गगनयानासाठीही तिथेच पदार्थ तयार झालेत, त्यात इडली आणि मूगडाळीचा हलवा आहे.

या हिशेबाने कुंदा बसायला हवा. आटवलेलं दूध, साखर, दाणेदार पण ओलसर. खोड एकच, दुधाचा असल्याने साधा ठेवला तर थोड्याच दिवसांत उतरतो. एका पोराने घरच्या कुकरमध्ये पाकिटं तापवू का विचारलं. मी सक्त नाही म्हटलं. बंद पाकिटात हवा नसते, आणि हवा नसलेल्या जागी वाढणारा एक जंतू आहे, त्याचं विष माणूस मारतं. पाकिटाच्या मध्यभागी किती उष्णता किती वेळ पोचली हे मोजता येत नसेल तर या वाटेला जायचंच नाही. कुंदा प्रदर्शनात ताजा ठेवू, शेजारी कागदावर प्रक्रिया लिहू.

जाता जाता: आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांनाही हल्ली हॅसपचे नियम शिकवतात. धोका कुठल्या टप्प्यावर शिरू शकतो ते आधी शोधा, तिथे मोजा, नोंद ठेवा. ही पद्धत साठच्या दशकात नासा, अमेरिकन सैन्याची नॅटिकची प्रयोगशाळा आणि पिल्सबरी कंपनी यांनी अंतराळवीरांच्या जेवणासाठी बसवली. वर कुणाचं पोट बिघडून चालणार नव्हतं. रजिस्टर भरताना मी जेवढी कुरकुर केली त्याचं मूळ थेट चंद्रमोहिमेत निघालं.

२४ ऑगस्ट

वर्गात सर्दीची साथ, तिचा उपयोग करून घेतला.

वजन नसलं की अंगातले द्रव डोक्याकडे सरकतात, चेहरा सुजतो, नाक चोंदतं. वासही वर उठत नाही. आणि वास गेला की चवीतला मोठा भाग गेला. म्हणून अंतराळवीर झणझणीत सॉसच्या मागे असतात. चोंदलेल्या नाकाच्या पोरांना डोळे मिटायला लावून शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची चटणी चाखवली, तिन्ही मिरचीशिवाय. ओळखताना घोळ झाला. मग संकेश्वरी मिरचीची दिली. ती सगळ्यांनी ओळखली, कारण तिखट ही जिभेची चव नव्हेच, ती तोंडातल्या नसांना बसणारी आग. सर्दी तिला अडवत नाही.

संकेश्वर आपल्याच जिल्ह्यातलं, हुक्केरी तालुक्यात. यादीत पहिलं बिनविरोध नाव तिचं.

पण पूड चालणार नाही. वर मीठसुद्धा पाण्यात विरघळवलेलं आणि मिरपूड तेलात कालवलेली, थेंबाने घ्यायची. आमची शेंगदाण्याची चटणी उखळात कुटली की दाण्याचं तेल सुटतं आणि ती आपोआप गोळा धरते. मिक्सरमधली भुरभुरते. दोन्हींचे ढीग काळ्या कागदावर ठेवून फुंकर मारली: उखळातली जागची हलली नाही, मिक्सरमधली कागदभर झाली. वरून शेंगदाण्याचं तेल घालून पिळायच्या ट्यूबमध्ये भरली.

मीठ मात्र हात राखून. वजनाचा भार नसल्याने वर हाडं झिजतात, आणि जास्त मीठ त्यात भर घालतं. लोणचं आणि पापड इथेच गळले.

३१ ऑगस्ट

गणपतीची सुट्टी. पोरं तरी आली. मोदक चाचणीला आणले होते, चाचणी न होताच संपले.

६ सप्टेंबर

करदंट. गोकाकची खासियत, आम्ही इथे करतो ती त्याच धर्तीवर: तुपात फुलवलेला डिंक, खोबरं, खारीक, काजू-बदाम, गुळाच्या पाकात बांधलेलं. टिकतं कसं ते पोरांना दाखवलं. त्यात पाणी अजिबात नाही असं नाही, पण गुळाने ते धरून ठेवलेलं असतं, बुरशीच्या वाट्याला येत नाही. अंतराळातले सुक्या फळांचे पदार्थ याच तत्त्वावर टिकतात. वजनाच्या मानाने ताकद भरपूर, एका घासाची वडी पडते, व्हॅक्यूम मारला तरी चिरडत नाही. जांबोटी रस्त्यालाही दाद दिली नाही.

फक्त वरून लावलेली खसखस गळते. या खेपेला खसखस बंद.

१३ सप्टेंबर

झाकणात ओला कापूस, त्यावर मूग आणि मेथी. ही कल्पना उसनी, पण घरच्यांकडूनच. शुभांशु शुक्लांनी स्थानकात जे मूग आणि मेथी रुजवले, तो प्रयोग धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ आणि धारवाडचीच आयआयटी यांचा. खानापूरहून गाडीत बसलं की लोंढा, अळणावर आणि मग धारवाड, एवढंच अंतर. वर्षानुवर्षं टिकवलेल्या जेवणातली काही जीवनसत्त्वं हळूहळू जातात, क आणि ब-१ विशेषतः. वरच्या वर मोड काढता आले तर ताजं काहीतरी मिळेल, शिवाय शिजवायची गरज नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अंतराळवीरांनी स्थानकात वाढवलेलं लाल लेट्यूस खाल्लं होतं. मोड आलेले मूग त्याहून कमी जागेत आणि मातीशिवाय होतात.

आमच्या झाकणातले मूग जोरात आले. मेथी मागे आहे.

२० सप्टेंबर, प्रदर्शन

मांडणी: पोहे, संकेश्वरी चटणीची ट्यूब, पिठलं, करदंट, मोड. एका बाजूला ताजा कुंदा, दुसऱ्या बाजूला ‘नापास’ पाटीखाली कडक भाकरी, काळा कागद आणि टेबलफॅन. गर्दी नापासपुढेच जास्त, कारण तिथे मोडून बघायला मिळत होतं.

परीक्षकांनी कन्नडमधून विचारलं, पोह्यात घालायचं पाणी येतं कुठून? पोरीने न अडखळता कन्नडमध्येच सांगितलं: श्वासातला ओलावा, घाम आणि लघवी यांतून पुन्हा शुद्ध करून, जवळजवळ सगळं. मागे उभ्या एका आजोबांनी हातातला पोह्याचा द्रोण खाली ठेवला. त्यांना हे पाणी खानापूरच्या नळाचं आहे असं सांगावं लागलं.

जिल्ह्याला निवड झाली.

४ ऑक्टोबर

जिल्ह्याआधी ऑगस्ट-सप्टेंबरमधली पाकिटं उघडली. पोहे उत्तम. करदंट जसंच्या तसं. चटणीच्या ट्यूबला खवट वास यायला लागलाय. तेल बाहेर काढल्याने चटणी उडेनाशी झाली, पण तेच तेल ट्यूबमध्ये राहिलेल्या हवेला लागलं. पाकिटात टाकायच्या ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या पुड्या हुबळीच्या पॅकिंगवाल्याकडे सांगितल्यात, मंगळवारपर्यंत येतील. ट्यूबऐवजी तिहेरी थराच्या छोट्या पाकिटात, एका जेवणाला एक, असं भरून बघायचं. शेंगदाणे या वेळी ताजे, जुन्या पोत्यातले नकोत. मिरच्या पुरेशा आहेत.